डोक्याकडची बाजू

आमच्या वॉर्डात माणसानं माणसाला उचलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. छताला रूळ, रुळाला झुला, आणि झुल्याला स्वतःची अक्कल. मी फक्त पेशंटच्या पाठीखालून कापड सरकवायची, बटण दाबायची नि बाजूला उभी राहायची. ऐंशी किलोचा गडी अलगद वर जायचा, पलंगावरून स्ट्रेचरवर यायचा, आणि माझ्या कपाळावर घामाचा थेंब नाही. यंत्राला शिव्या देणाऱ्यांतली मी नाही बरं का. 'माणुसकी गेली हो' म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही पायांना प्लॅस्टर घातलेला माणूस बेडपॅनवर घेऊन दाखवावा, मग बोलू.

तरी एक सांगते. वॉर्डात मी कधी एकटी नव्हते, ती झाले. पूर्वी आम्ही जोडीनं काम करायचो. झुला आला नि जोड्या मोडल्या. एका झुल्यामागं एकच परिचर, असा कायदाच झाला. वर कमरेला पट्टा. हातानं सोळा किलोच्या वर काही उचललं की तो गुरगुरायचा आणि त्याची नोंद ऑफिसात जायची. एक आजोबा मला म्हणाले, "मावशी, त्या लोंबत्या कापडात नको. खांद्याला हात देऊन उठव की."

म्हटलं, "आजोबा, माझ्या पट्ट्याला चालत नाही."

"पट्टा आहे का नवरा?" ते म्हणाले. मी हसले. दिवसभरात तेवढंच हसले.

मी छाया वायदंडे, मिरजेची. मिरजेत सतारी आणि दवाखाने, दोन्हींना तोटा नाही. त्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी बावीस वर्षं मावशी होते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पोरगी ईश्वरी नाशकात शिकते, रविवारी फोन करते. आणि रेहाना नदाफ माझी जोडीदारीण. एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी मिळून अर्ध्या जिल्ह्याला उचललं असेल. उचलायच्या आधी ती बिस्मिल्ला म्हणायची, मी ज्योतिबाचं नाव घ्यायची, की माणूस वर. डॉक्टर चेष्टा करायचे, या दोघी असल्यावर देव सुटायचा कुठं.

आता उचलण्याचं गणित सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. आडव्या माणसाला दोघींनी उचललं म्हणून वजन निम्मं निम्मं होत नाही. डोकं, खांदे, छाती, पाठ हा सगळा जड माल एका टोकाला. डोक्याकडं उभी राहणारीच्या वाट्याला साठ टक्क्यांच्या वर जातं, पायाकडचीला उरलेलं. त्यात पलंगावर वाकून, हात लांब करून उचलायचं. हातात तीस किलो असलं तरी कमरेच्या शेवटच्या मणक्यावर त्याचे तीनशे-साडेतीनशे होतात. म्हणून मी कामाला लागले त्याच सुमाराला उचल-सुरक्षेचा पहिला कायदा आला. त्यात म्हटलं होतं, एकटीनं कुणाला उचलायचं नाही, आणि जोडीनं दर सोमवारी बाजू बदलायची. या आठवड्यात डोक्याकडं असलेली पुढच्या आठवड्यात पायाकडं. आणि वॉर्डाच्या रजिस्टरात दोघींनी सही करायची: 'बाजू बदलली'.

कायदा चांगला होता. आम्हीच त्याला कामाला लावला नाही.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. त्याआधी दोनदा राहिले नि दोनदा पडलं होतं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. रेहानाला मात्र मी न सांगता कळलं. सोमवार होता, डोक्याकडं जायची पाळी माझी होती. ती आली, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि म्हणाली, "पाय धर तू. डोकं माझं."

"अगं, पण सुट्टी घेते ना मी..."

"सुट्टी सातव्याला घे. तोवर पाय धर."

रजिस्टरात आम्ही सही केली: 'बाजू बदलली'. ईश्वरी झाली ती रेहानाच्या पाठीवर झाली, असं मी बारशाला सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले, रेहानाही हसली.

पुढं मी कामावर परत आले. आणि बाजू काही बदलली नाही.

झुला आला तेव्हा रेहानाला दुसरा मजला मिळाला, मला तिसरा. जेवणाच्या सुट्ट्याही वेगळ्या. जिन्यात गाठ पडली की "काय गं", "काय नाही", एवढंच. दोन वर्षांनी एका सकाळी ती घरात बरणीचं झाकण उचलायला वाकली आणि तिथंच बसली. उठलीच नाही. कमरेची एक गादी फुटलेली, दोन चेपलेल्या. पायांतली ताकद गेली.

यावर इलाज होता. पुण्याच्या केंद्रात माणसाच्याच पेशींपासून नवी गादी वाढवतात आणि मणक्यांच्या मध्ये बसवतात. ती स्वतःच्या पैशानं बसवून घेणं आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही बसत नाही. पण नव्या कायद्यात कलम होतं की पाठ कामानं गेली असेल तर ही गादी सरकार बसवून देणार. फक्त कामानं गेली हे सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी रेहानाच्या पाठीचं वाचन झालं, आणि तुलनेला जोडीदारीण म्हणून मला बोलावलं.

वाचन करणाऱ्या डॉक्टर शेटे. तरुण बाई, पण समजावून सांगायची हौस. मला यंत्रात पालथं झोपवून त्या बोलत होत्या. आम्ही मावश्या त्या यंत्राला कुंडली म्हणायचो.

"मावशी, शरीरात जवळपास सगळं बदलत राहतं. कातडी महिन्याभरात नवी होते. पण मणक्यांमधल्या गादीचे तंतू जन्मभर तेच. जास्त ओझं आलं की त्यांना बारीक चीर पडते, आणि ती भरून येत नाही. मग रक्तातल्या साखरेचे कण त्या चिरेवर हळूहळू चिकटत जातात. दुधावर साय धरते ना, तसं. जुन्या चिरेवर जाड साय, नव्या चिरेवर पातळ."

"म्हणजे कधी पडली ते कळतं?"

"महिन्याच्या हिशेबानं कळतं. आणि चीर किती खोल, त्यावरून ओझं किती होतं ते. तुमच्या पाठीनं आयुष्यात काय काय सोसलंय, ते सगळं इथं लिहिलेलं असतं."

मी पालथीच होते म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्या थंडगार फळीवर लख्ख कळलं.

त्यांनी दोन आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले. पहिली अडीच वर्षं दोन्ही रेघा एकमेकींना धरून. मग माझी रेघ खाली आली आणि खालीच राहिली. रेहानाची वर चढली, ती सोळा वर्षं वरच.

"तुमची पाठ छान आहे हो," डॉक्टर म्हणाल्या. "पन्नाशीला अशी पाठ मी या कामात पाहिली नाही."

मला तिथंच मेल्यासारखं झालं.

हॉस्पिटलच्या वकिलांनी त्याच दोन रेघा हातात घेतल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकच वॉर्ड, एकच काम, बाजू दर आठवड्याला बदललेली, रजिस्टरात दोघींच्या सह्या. म्हणजे हॉस्पिटलातलं ओझं दोघींना सारखंच. मग रेहानाच्या पाठीवर जास्तीचं आलं ते घरचं. तिची सासू सहा वर्षं अंथरुणाला होती, हे त्यांनी शोधून काढलं. यंत्र ओझं सांगतं. कुणाचं ते सांगत नाही. आता सुनावणीत 'घरचं' असा शिक्का बसला की रेहाना जन्मभर पलंगावर.

रेहाना सोडली तर हे खोटं पाडू शकणारं माणूस जगात एकच होतं, मी. आणि खोटी सही केली असं कबूल केलं की परिचराची नोंदणी रद्द, हेही त्याच कायद्यात होतं. नोंदणी गेली की कुठल्याच दवाखान्यात काम नाही. माझी आठ वर्षं राहिली होती. जखमी माणसाची चूक मात्र कायदा धरत नाही, त्यामुळं रेहानाला धोका नव्हता. तरी तिनं कुणालाही चकार शब्द सांगितला नव्हता. का सांगितला नाही, हे विचारायला मी सुनावणीच्या आदल्या सकाळी तिच्या घरी गेले. खरं सांगायचं तर, ती 'नको सांगू' म्हणेल अशी आशा धरून गेले.

तिच्या सुनेनं दार उघडलं, चहा ठेवला आणि दुकानात गेली. रेहाना खिडकीशी पलंगावर. तोंड बारीक झालेलं.

"आलीस व्हय, छाये."

"आले."

"बस. सून अकराला येते कूस बदलायला. तोवर मी अशीच."

मी उठले. "मी वळवते की. आज पट्टा नाही माझ्याकडं."

"नको. तुझी पाठ जपून ठेवलीया मी. आता कशाला बिघडवतीस?"

ती हसली नाही. मी परत बसले.

"वकील काय म्हणतोय ते कळलंय ना तुला?"

"कळलंय. सासूला उचलून माझी पाठ गेली म्हणे. बेचाळीस किलोची होती ती, चिमणी. बोलण्यात तेवढी जड."

"मग तू का सांगितलं नाहीस? आपण बाजू बदलत नव्हतो ते?"

"आपण?" रेहाना म्हणाली.

बाहेर कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. तिनं उशीवर मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"बाळंतपणानंतर तू कामावर आलीस, तो पहिला सोमवार आठवतो? मी मुद्दाम पायाकडं जाऊन उभी राहिले. तू म्हणालीस, टाके दुखतात गं अजून. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या सोमवारी परत पायाकडं जाऊन थांबले. तू रजिस्टर उघडून सही करत बसलीस. तिसऱ्या सोमवारी मी नाही थांबले."

"बोलायचं होतंस की गं! एका शब्दानं..."

"मी बोलायचं? माझ्या तोंडानं म्हणायचं, छाये, झालं आता, तू उचल? देणाऱ्यानं मागायचं असतं का कधी? मी वाट बघत होते. आज म्हणशील, उद्या म्हणशील. आधी वाटायचं, विसरली असेल. मग कळलं, विसरली नाहीस. डोक्याकडं पेशंट जड असला की तू माझ्याकडं बघायची नाहीस. खिडकीकडं बघायचीस."

हे खरं होतं. काय लपवायचं आता? पहिलं वर्षभर मला दर सोमवारी आठवायचं. मग महिन्यातनं एकदा. मग सही करताना पेन अडखळायचंसुद्धा बंद झालं. ती कमरेला हात लावून उभी राहायला लागल्यावर मी तिला मलम आणून दिलं होतं. मलम! गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. माझी गरज सरली तरी मी वैद्याला राबवतच राहिले. आणि सगळ्या गावाला सांगत फिरले, रेहाना म्हणजे माझी बहीण.

"रेहाना, मी उद्या सांगू का?"

"मला नको विचारू."

"अगं, पण..."

"सांग म्हटलं तर तुझी भाकरी मी काढली असं होईल. नको म्हटलं तर पुन्हा डोकं माझ्याकडंच आलं. मी काहीच म्हणणार नाही, छाये. ह्यावेळी तू तुझं ठरव."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्याले आणि निघाले.

सुनावणी सांगलीला, दुपारी बारा वाजता. छोटी खोली, समोर अधिकारी बाई, डावीकडं वकील. रेहाना घरूनच पडद्यावर, उशीवर टेकलेली. वकिलांनी रजिस्टराची पानं दाखवली. आठशेच्या वर सोमवार. प्रत्येकाखाली दोन सह्या, माझी वळणदार, तिची घाईची.

"या सह्या तुमच्याच ना?" वकिलांनी विचारलं.

"माझ्याच."

"म्हणजे बाजू बदलत होतात."

"नाही."

मी अधिकारी बाईंकडं बघून सांगितलं. पोटात ईश्वरी असताना रेहानानं डोक्याकडची बाजू घेतली ती झुला येईपर्यंत सोडली नाही, कारण मी ती परत घेतली नाही. सासू, घर, काही नाही. तिच्या पाठीवर जे जास्तीचं आहे ते माझ्या वाट्याचं आहे. माझी रेघ जेवढी खाली, तेवढीच तिची वर. डॉक्टर शेट्यांना जुळवून बघायला सांगा.

"सह्यांच्या परिणामाची तुम्हाला कल्पना आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"मला नोंद करावी लागेल. या सोळा वर्षांत तुम्ही डोक्याकडच्या बाजूला किती वेळा उभ्या राहिलात?"

"एकदाही नाही," मी म्हटलं.

"चुकतीया ती." पडद्यावरून रेहाना बोलली. सगळ्यांनी तिकडं बघितलं. "एकदा उभी राहिलीया. माझा धाकटा भाऊ अपघातात गेला, तेव्हा आमच्याच वॉर्डात होता. त्याला खाली न्यायचा होता नि माझे हात लटलट कापाय लागले. ही काही न बोलता माझ्या जागी आली. त्याचं डोकं हिनं धरलं. खाली नेईपर्यंत धरलं होतं. एकदा लिहा."

मला ते आठवतही नव्हतं. मी पडद्याकडं बघून रडायला लागले, भर खोलीत, तोंडाला पदर लावून. बाईंनी मान खाली घालून 'एक' असं लिहिलं. रेहानानं पडदा बंद केला होता.

डॉक्टर शेट्यांनी दोन्ही रेघांची बेरीज करून दाखवली. पहिल्या अडीच वर्षांची बेरीज आणि पुढच्या सोळा वर्षांची बेरीज, महिन्यामागं सारखीच. तीन आठवड्यांत निकाल आला. रेहानाला पुण्याला नेणार होते. माझं कार्ड आणि पट्टा मी ऑफिसात जमा केला. कारकून म्हणाला, "मावशी, कशाला बोललात हो? कुणाला कळलं असतं?"

पुण्याची गाडी आली त्या सकाळी मी तिच्या दारात गेले. गाडीला तिचा स्वतःचा झुला होता आणि दोन पोरी होत्या, चटपटीत, पट्टे लावलेल्या. त्यांनी रेहानाच्या पाठीखालून कापड सरकवलं. माझे हात आपोआप पुढं झाले, तर त्यातली एक म्हणाली, "बाई, तुम्ही मागं व्हा. नोंदणी नसलेल्यांनी हात लावायचा नाही." मी मागं झाले. कायदा बरोबरच होता.

रेहाना वर गेली, आडवी, आणि गाडीकडं सरकताना माझ्या समोर आली. मी म्हटलं, "रेहाना, मी पुण्याला येते. ऑपरेशनला थांबते तुझ्याजवळ."

"येऊ नको."

"अगं..."

"मला राग आलाय, छाये. खोटं कशाला बोलू? पलंगावर पडून माणसाला हिशेब लागतो सगळा. तू बोललीस ते बरं केलंस, तरी राग गेला नाही. राग गेला की मीच येईन. तुझ्या घरी, माझ्या पायानं. तू येऊ नको."

दार लागलं. सून पुढं बसली. गाडी वळेपर्यंत मी उभी होते.

त्याला आता आठ महिने झाले. मी एका मेसमध्ये सकाळच्या पोळ्या लाटते. दुपारी घरी असते. ईश्वरी म्हणते, नाशकाला ये माझ्याकडं, एकटी काय करतेस तिथं? मी म्हणते, बघू, दिवाळीनंतर. तिला वाटतं मला मिरज सुटत नाही. दुपारी बाहेर जायचं असलं तरी मी लवकर परत येते. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, कुणी आलं तर बसवून घ्या, चहा द्या, जाऊ देऊ नका.

परवा मंडईत डॉक्टर शेटे भेटल्या. हातात मेथीची जुडी, चेहरा फुललेला. माझा हात धरून म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कळलं का? नदाफ मावशींचं ऑपरेशन एकदम मस्त झालं. मार्चपासून मिरजेतच आहेत. परवा तपासणीला आल्या होत्या, लिफ्ट बंद होती, तर तीन मजले जिना चढून आल्या. एकट्या!"

"बरं झालं," मी म्हटलं. "फार बरं झालं."

मला खरंच बरं वाटलं होतं. मी अर्धा किलो वांगी घेतली आणि घरी आले. काकूंना विचारलं, कुणी आलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही गं, कुणी नाही.